पुण्यातल्या नव्या लोकसंगीत बँडने पहिली गाणी एकत्र वाजवून रेकॉर्ड करावीत की एकेक वाद्य वेगळं?

तुम्ही पाच जण गिटार, संबळ आणि तुणतुण्यावर ओव्या नि गोंधळ गाता, पहिली तीन गाणी रेकॉर्ड करायची आहेत आणि स्टुडिओवाले क्लिकवर, म्हणजे हेडफोनमध्ये एकाच लयीत वाजणाऱ्या टिकटिकीवर, एकेक वाद्य वेगळं घ्यायला सांगताहेत, असं तुम्ही लिहिलंय. माझं ऐकाल तर एकत्र वाजवा. एका खोलीत, क्लिक बंद. पुण्यात बरीच वर्षं ध्वनिमुद्रणाचं काम करतोय, आणि लोकसंगीतापुरतं तरी या मतावर मी ठाम आहे.

गोंधळाची लय एका जागी थांबत नाही. देवतांना आवाहन करता करता संबळ चढत जातो, गाणाऱ्याने श्वास घेतला की वाजवणारा तिथे जागा देतो. क्लिक लावली की ही चढण सपाट होते. ओवीत तर एखादी ओळ लांबली की गाणारी ती खुशाल लांबवते, तिला मात्रेत कोंबलं की ओवी गेलीच. दिल्लीच्या 'इंडियन ओशन' बँडचा 'डेझर्ट रेन' हा १९९७ सालचा अल्बम थेट मैफलीत रेकॉर्ड झालाय. जरूर ऐका.

संबळ गायकाच्या माइकमध्ये शिरेल, ही स्टुडिओवाल्यांची भीती मात्र खरी आहे. त्यावर उपाय बसण्याच्या जागेत आहे. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या माइकला पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून गायकाच्या माइकची पाठ संबळाकडे करा. संबळाला एसएम ५७सारखा डायनॅमिक माइक जवळून लावा. तुणतुण्याची तार टोचरी असते, ते थोडं लांब बसवून मध्ये गादी उभी करा. भिंतींवर गोधड्या, खाली सतरंज्या. रेकॉर्डिंगची सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा आणि सगळ्यात जोरकस ठोकासुद्धा मीटरवर उणे दहा डेसिबलच्या आसपास राहील इतकी पातळी कमी ठेवा. मग पूर्ण गाणं पुन्हा पुन्हा वाजवा आणि त्यातला एक अख्खा टेक निवडा. कोरस नंतर चढवता येतो.

पावसाळ्यात करू नका. दमट हवेत चामडं सैल पडून सूर उतरतो आणि अर्धा वेळ संबळाचा सूर चढवण्यातच जातो. दिवाळीनंतरचा काळ उत्तम. पेठांमध्ये हॉर्न थांबत नाहीत, त्यापेक्षा खडकवासल्याच्या पुढे एखादं शेतघर दोन दिवसांसाठी घ्या.

हक्कांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रसिद्ध करण्याआधी बघा. परंपरागत ओवीवर कुणाची मालकी नाही. शाहिराची रचना असेल तर कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणजे त्यांच्या रचनांसाठी २०२९ अखेरपर्यंत वारसांची परवानगी लागणार.

आणि ओव्या कुठून घेतल्या ते लिहा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यात राहून खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या लाखावर ओव्या गोळा केल्या, आज त्यातल्या बऱ्याच 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर गाणारीचं नाव आणि गाव यांसह ऐकता येतात. तिथली एखादी घेतलीत तर रीतसर विचारून घ्या, आणि गाण्याच्या श्रेयनामावलीत त्या बाईचं नाव, तिचं गाव तुमच्या नावांच्या वर छापा.