क्वेकर टॅपेस्ट्री कॅथेड्रलच्या चॅपेलमध्ये का मांडतात आणि तिथे काय पाहावे?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. पुरोहित, वेदी आणि विधी यांपैकी काहीच न मानणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या ‘क्वेकर टॅपेस्ट्री’ या भरतकामाचे फिरते प्रदर्शन इंग्लंडमधील एखाद्या जुन्या कॅथेड्रलच्या (बिशपच्या मुख्य चर्चच्या) चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात, भरणे विसंगत नाही का, आणि भरतकामाची आवड असणाऱ्याने तिथे काय पाहावे.

आपली शंका इतिहासाला धरून आहे. पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स चर्चच्या इमारतीला नुसते ‘मनोऱ्याचे घर’ म्हणत, कारण त्यांच्या मते चर्च म्हणजे माणसे, दगडी बांधकाम नव्हे. १६५१ मध्ये यॉर्क मिन्स्टर या कॅथेड्रलमध्ये प्रवचन संपल्यावर ते बोलू लागले, तेव्हा त्यांना पायऱ्यांवरून खाली ढकलून देण्यात आले. पुढच्याच वर्षी फर्बँक फेल या टेकडीवर, शेजारी चॅपेल असतानाही, त्यांनी बाहेरच्या खडकावरून जमावाला उपदेश केला. मात्र ज्याला कोणतीच वास्तू विशेष पवित्र वाटत नाही, त्याला ती वर्ज्य वाटण्याचेही कारण नसते. अडचण असलीच तर ती यजमानांची असायला हवी. ज्या चर्चला द्यायचा दशांश कर नाकारल्याबद्दल क्वेकर तुरुंगात गेले, त्याच चर्च ऑफ इंग्लंडची, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चची, कॅथेड्रले आज त्यांचा इतिहास मांडायला जागा देतात, हे मला तरी कौतुकास्पद वाटते.

आता कामाविषयी. नावात टॅपेस्ट्री असली तरी हे मागावरचे विणकाम नाही. खास विणून घेतलेल्या लोकरी कापडावर लोकरीच्याच धाग्यांनी केलेला हा कशिदा आहे. १९८१ मध्ये सॉमरसेटमधील टाँटन येथे अ‍ॅन विन-विल्सन यांच्या मुलांच्या वर्गात अकरा वर्षांच्या एका मुलाशी झालेल्या बोलण्यातून त्याची सुरुवात झाली आणि पुढे पंधरा देशांतील सुमारे ४,००० स्त्री-पुरुष व मुलांनी मिळून १९९६ पर्यंत ७७ पट (भरतकामाचे स्वतंत्र चित्रफलक) पूर्ण केले. मांडणीचा आदर्श फ्रान्समधील बायू येथील मध्ययुगीन कशिद्याचा आहे. साखळी टाका, गाठीचा टाका असे आपल्या ओळखीचे टाके त्यात भेटतीलच, परंतु आपण आधी अक्षरे पाहावीत असे मी सुचवेन. अक्षरांची वळणे स्वच्छ यावीत म्हणून विन-विल्सन यांनी दांडी टाका आणि धागा दुभंगून घालायचा टाका यांचा मेळ घालून एक नवा टाका बसवला, तो आज ‘क्वेकर टाका’ म्हणूनच ओळखला जातो. ज्याने लोकरीने लहान अक्षर भरायचा प्रयत्न केला आहे, त्याला गोलाईवर धागा कसा फुगतो आणि कोपरा कसा बोथट होतो हे सांगायला नको. काही पटांवर मजकुराची गर्दी झाली आहे, हेही खरे. तिथे चित्र गुदमरते. उलट खालच्या पट्ट्यांत मुलांनी काढलेली चित्रे जशीच्या तशी भरली आहेत, ती चुकवू नयेत. मोठ्यांनी ती ‘सुधारली’ नाहीत, ही मोठी समज होय.

फिरतीवर निवडक पटच नेले जातात, त्यामुळे एलिझाबेथ फ्राय आणि गोधड्यांचा पट आपल्या ठिकाणी आहे का, हे आधी विचारून घ्यावे. लंडनच्या न्यूगेट तुरुंगातील स्त्रियांसाठी झटणाऱ्या या क्वेकर बाईंच्या पुढाकाराने, ऑस्ट्रेलियाला जहाजाने पाठवल्या जाणाऱ्या कैदी स्त्रियांना सुया, दोरा आणि कापडाचे तुकडे दिले जात, म्हणजे महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासात हाताला काम राही. १८४१ मध्ये ‘राजा’ नावाच्या जहाजावर अशीच शिवलेली एक गोधडी आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. सुईने सांगितलेली सुईचीच गोष्ट म्हणून हा पट मला सर्वांत जवळचा वाटतो. तो आपल्याकडे आला नसेल, तर या संग्रहाचे कायमचे घर कंब्रियातील केंडल गावी, १८१६ मध्ये बांधलेल्या क्वेकर सभागृहात आहे. तिथे चौकशी करावी.