जमा, पण कुणाच्या नावे?

जाहिराती पाहून खरंच पैसे मिळतात का, आणि ती साइट खरी की खोटी हे ओळखायचं कसं, हा प्रश्न समुपदेशन करताना माझ्याकडे सरळ क्वचितच येतो. झोप लागत नाही, घरात चिडचिड होते, नाहीतर "बाबा दिवसभर मोबाइलमध्येच असतात" अशी तक्रार येते आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत हा प्रश्न हळूच बाहेर पडतो.

त्या दिवशी एक मुलगी वडिलांना घेऊन आली होती. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. लिहायला काकांची हरकत नाही, उलट "लिहाच" म्हणाले.) काकांना निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं. सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेलेली. मुलीचं म्हणणं असं की जेवतानाही फोन हातात असतो, आणि कुणी जवळ गेलं की पडदा उलटा होतो. तिला जुगाराची शंका होती. मला निवृत्तीनंतरचा रिकामेपणा दिसत होता. पहिला अर्धा तास आम्ही दोघीही भलतीकडेच चाचपडत होतो.

मुलीला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं, तेव्हा काकांनी पिशवीतून वही काढली. लांबट, लाल आखणीची. पानापानावर तारीख, पाहिलेल्या जाहिराती, साइटवर दिसणारी शिल्लक. रोज 40 जाहिराती, एकीचा अर्धा डॉलर. जाहिरात सुरू झाली की कोपऱ्यात 30 सेकंद उलटे मोजले जायचे, ते संपले की बटण दाबायचं, की रक्कम जमा. चार महिन्यांत एका दिवसाचाही खाडा नव्हता. नातवाच्या वाढदिवसालासुद्धा 40.

"यातले हातात किती आले?" मी विचारलं.

"दहा डॉलर. पहिल्याच आठवड्यात." हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढला. मग उतरला. पुढचे पैसे काढायला गेले तर किमान मर्यादा 50 वरून 200 डॉलर झालेली. 200 पुरे केले, तर 'सिल्व्हर' सदस्य व्हा म्हणून शुल्क. ते भरलं. मग खात्याच्या पडताळणीचे पैसे. तेही भरले. आता कर मागत होते. मिळणाऱ्या रकमेतूनच कापून घ्या असं यांनी कळवलं, तर 'प्रणालीत तशी सोय नाही' असं उत्तर आलं.

ते पहिले दहा डॉलर मात्र खरे होते, आणि सगळी मेख तिथेच असते. माणूस सावध असतो तो पहिल्या दिवशी. तेवढा दिवस पार पडावा म्हणून ती रक्कम सोडलेली असते.

मी त्यांना 'ही फसवणूक आहे' असं म्हटलं नाही. ते घरातल्या कुणीही म्हटलं असतं, आणि काकांनी साइटची बाजू घेतली असती. मी त्यांच्याच धंद्यातला प्रश्न विचारला. "काका, हे रोजचे वीस डॉलर तुमच्या खात्यावर जमा पडतात. मग नावे कुणाच्या टाकायचे, म्हणजे ते जातात कुणाच्या खात्यातून?"

ते म्हणाले, "जाहिरातदाराच्या." आणि थांबले. मग स्वतःच पेन घेतलं.

एका जाहिरातीला अर्धा डॉलर, म्हणजे हजार वेळा दाखवायला 500 डॉलर. प्रत्यक्षात वेबसाइटवरची साधी जाहिरात हजार वेळा दाखवण्याचे जाहिरातदार बहुधा काही डॉलर मोजतो. म्हणजे एका दर्शनामागे साइटला मिळतो सेंटचाही एखादा अंश. खरोखर पैसे देणाऱ्या साइटही आहेत, पण त्या क्लिकला एखादा सेंट किंवा त्याहूनही कमी देतात. तिथे वेळ फार जातो, पैसे फार येत नाहीत. शिवाय जो माणूस फक्त 30 सेकंद कधी संपतात याची वाट बघतोय, त्याला जाहिरात दाखवून विकलं काय जाणार? गूगलच्या जाहिराती लावणाऱ्या साइटना तर जाहिराती पाहण्याबद्दल लोकांना रोख पैसे देण्याची नियमानेच मनाई आहे.

"मग नावे कुणाच्या?" मी पुन्हा विचारलं.

"माझ्याच," काका म्हणाले. "आणि माझ्यामागून आलेल्यांच्या."

मी त्यांना ट्रॅफिक मान्सूनची हकीकत सांगितली. 50 डॉलरचा 'अ‍ॅडपॅक' घ्या, रोज ठरावीक जाहिरातींवर क्लिक करा, 55 डॉलरपर्यंत परत मिळवा, अशी ती योजना होती. 2016 मध्ये अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, म्हणजे तिथल्या शेअर बाजार नियामकाने, तिच्यावर दावा लावला. कमिशनच्या म्हणण्याप्रमाणे कंपनीची 99 टक्क्यांहून जास्त मिळकत अ‍ॅडपॅक विकूनच आली होती, म्हणजे नव्यांचे पैसे जुन्यांना जात होते. त्याआधीच्या अ‍ॅडसर्फडेलीचीही तीच तऱ्हा. तिच्या चालकाला, अँडी बॉडॉइनला, 2012 मध्ये साडेसहा वर्षांची कैद झाली. काकांनी दोन्ही नावं वहीच्या मागच्या पानावर टिपून घेतली. सवय.

मग मुलीला आत बोलावलं. साइटवर 'दहा वर्षांचा विश्वास' असं लिहिलेलं होतं. डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, केव्हा नोंदवलं गेलं ते हूइज या नोंदीत कुणालाही फुकट पाहता येतं. तिने तिथल्या तिथे पाहिलं: पाच महिन्यांपूर्वी. "पण पत्त्याच्या पट्टीत कुलूप आहे ना," काका म्हणाले. ते कुलूप एवढंच सांगतं की मधल्या वाटेवर कुणी वाचू शकणार नाही. पलीकडे कोण बसलंय ते सांगत नाही. चोराच्या घरालाही कुलूप असतंच.

ओळखपत्राचा फोटोही त्यांनी दिलेला होता. त्याच दिवशी बँकेला कळवणं, पासवर्ड बदलणं, पोलिसांकडे तक्रार ही कामं मुलीने उरकली. साइटचे स्क्रीनशॉट आणि पैसे भरल्याच्या नोंदी आधी जपून ठेवायला सांगितल्या, कारण अशा साइट एका रात्रीत गायब होतात. आणि बजावलं, की 'तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी फी भरा' असा फोन येईल. तो बारा दिवसांनी आला.

मला मात्र वेगळंच काहीतरी खुपत होतं. मुलीला आत बोलावण्याआधी वही चाळताना एका पानावर, जिथे मर्यादा 50 ची 200 झाली होती, समासात पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढलेलं दिसलं. तारीख पाहिली. पहिलं शुल्क भरायच्या आधीची, चांगली नऊ दिवसांची.

"हे तुम्हीच काढलंत?"

बराच वेळ ते खिडकीकडे बघत बसले. "शंका आली होती. विचारणार कुणाला? मुलगी म्हणाली असती, एवढी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्यात ना!"

बाहेर बसलेली मुलगी असं म्हणाली असती असं मला वाटत नाही. पण त्यांना तसं वाटलं, आणि नऊ दिवस ते प्रश्नचिन्ह समासातच राहिलं. अशा लोकांना 'हावरे' म्हणायची घाई आपल्याला फार असते. या माणसाला महिन्याच्या शेवटी "हे घे, घरखर्चाला" असं म्हणायचं होतं, बस. पुढच्या तीन भेटी आम्ही पैशांबद्दल जवळजवळ बोललोच नाही, त्या वाक्याबद्दलच बोललो. तिसऱ्या भेटीत मुलगीही होती. बोलली थोडं, रडली जास्त.

एक काम राहिलं होतं. प्रत्येक नव्या सभासदामागे कमिशन होतं, आणि काकांनी दोघांना आणलं होतं: एक मेहुणे, एक ऑफिसातले जुने सहकारी. मेहुण्यांना सांगून झालं, त्यांनी चार शब्द सुनावले, विषय संपला. सहकाऱ्याला फोन लावायला मात्र हात धजत नव्हता. चाळीस वर्षांची मैत्री, आणि दोन महिने एकमेकांना फोन नाही. त्यांनी काय बोलायचं ते वहीत लिहून आणलं, मला वाचून दाखवलं, दोन ओळी खोडल्या.

पुढच्या वेळी आले ते हसतच. लिहिलेलं वाचायची वेळच आली नव्हती. पलीकडून आधी आवाज आला होता, "अरे, मीच तुला टाळत होतो. मी माझ्याखाली तिघांना घातलंय, तुला तोंड कसं दाखवू?"

आता दोघं मिळून त्या तिघांकडे जाणार होते.