ऑल्ट मोडचा पहिला ड्रायव्हर लिहिताना

ऑल्ट मोड म्हणजे यूएसबी टाइप-सी पोर्टच्या पिनांवरून डिस्प्लेपोर्टसारखे दुसरे सिग्नल पाठवायची सोय. तिचा ड्रायव्हर लिहायचा तर लगेच कोड लिहायला बसू नका. आधी लिनक्स कर्नलमधला डिस्प्लेपोर्टचा ऑल्ट मोड ड्रायव्हर वाचून काढा. एकच फाइल आहे, नवख्यालाही झेपते.

सरावाला शक्यतो टीसीपीएम (समोरच्या उपकरणाशी पोर्टची बोलणी कर्नलमधूनच चालवणारा भाग) वापरणारा बोर्ड घ्या. यूसीएसआयवाल्या (पोर्ट फर्मवेअरच्या ताब्यात असतो अशा) लॅपटॉपवर बहुतेक बोलणी फर्मवेअर परस्पर उरकतं, तुमच्या हाती फारसं काही लागत नाही.

हमखास गडबड होते ती अशी:

- ड्रायव्हर पोर्टला नाही, समोरच्या उपकरणाच्या (पार्टनरच्या) ऑल्ट मोडला जोडला जातो. जुळणी एसव्हीआयडीवरून (मोड कोणत्या मानकाचा ते सांगणाऱ्या क्रमांकावरून) होते. डिस्प्लेपोर्टचा हेक्समध्ये एफएफ०१. प्रोब (ड्रायव्हर जोडला जाताना चालणारं फंक्शन) होतच नसेल तर आधी सिसएफएसमध्ये (/sys खाली) तो पार्टनर मोड दिसतोय का ते पाहा. दिसत नसेल तर दुखणं खाली, पोर्टच्या ड्रायव्हरमध्ये शोधा.
- व्हीडीएम (समोरच्या उपकरणाला मोडबद्दल पाठवायचा मेसेज) पाठवला म्हणजे काम झालं असं नाही. उत्तर नंतर कॉलबॅकमध्ये येतं, आणि ते नकारही असू शकतं. पुढचा मेसेज तिथूनच पाठवायचा मोह आवरा, तो वर्कक्यूवर (कर्नलच्या नंतर करायच्या कामांच्या रांगेत) टाका. डिस्प्लेपोर्टमध्ये एंटर मोड, मग स्टेटस अपडेट, मग कॉन्फिगर हा क्रम असाच चालतो.
- मोडमध्ये शिरण्यापूर्वी पिना सेफ स्टेटमध्ये (कुठलाही सिग्नल नसलेल्या सुरक्षित अवस्थेत) हव्यात.
- केबल मध्येच उपटली जाणारच! रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर सुटताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) वर्कक्यूवरचं प्रलंबित वर्क रद्द करा.

थंडरबोल्ट आणि केबलमधले ई-मार्कर (केबलची माहिती सांगणाऱ्या चिप) सध्या बाजूला ठेवा. अडलात तर डीबगएफएसमधला (कर्नलच्या डीबग माहितीच्या फाइलसिस्टममधला) टीसीपीएमचा लॉग उघडा. बोलणी कुठे थांबली ते बहुतेक वेळा तिथेच सापडतं.