मॅथ लॅबमध्ये लागलेल्या मुलीस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

गणपतीत प्रसादाच्या रांगेत तू म्हणालीस, "मावशी, कम्युनिटी कॉलेजच्या मॅथ लॅबमध्ये लागलेय, पण ती काही खरी नोकरी नव्हे." मागे माणसं खोळंबली होती, म्हणून मी नुसतं "बघू" म्हणून पुढे सरकले. ते वाक्य मात्र डोक्यातून गेलं नाही. बावीस वर्षांपूर्वी इथे कॅलिफोर्नियात तसल्याच एका लॅबच्या, म्हणजे गणितात अडलेल्या मुलांना मदत करायच्या खोलीच्या, काउंटरमागे उभी राहून मीही पुण्याला फोनवर हेच सांगत होते.

पहिलं काम आज रात्रीच कर. नेमणुकीचा कागद काढ आणि त्यावर 'शॉर्ट-टर्म' लिहिलंय की 'परमनंट क्लासिफाइड' (म्हणजे कायम शिक्षकेतर कर्मचारी), ते बघ. काम तेच, लॅब तीच, खुर्चीही तीच, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शॉर्ट-टर्म माणसाला वर्षात 195 दिवसांच्या आत ठेवतात. त्यापुढे गेलं तर कायद्याने क्लासिफाइड कर्मचारी मानावं लागतं. म्हणून मे महिन्यात "सी यू इन द फॉल" म्हणून हसतमुखाने निरोप देतात, आणि आपल्याला वाटतं, किती प्रेमळ लोक! प्रेमळ असतातही. पण विमा नाही, पेन्शन नाही, युनियन नाही. तुझा कागद शॉर्ट-टर्मचा असेल, तर कायम जागेची जाहिरात आली की अर्ज करायचाच. कोणी बोलावून सांगेल या भरवशावर राहू नकोस. न रडणाऱ्या पोराला आईसुद्धा पाजत नाही. ही तर एचआर आहे.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे लिपिकाचा हेडक्लार्क होतो, हेडक्लार्कचा अधीक्षक. माणूस खुर्चीवर बसल्याबसल्या वर सरकतो. इथे तसं नाही. कॉलेजात दोन जिने आहेत, क्लासिफाइडचा आणि फॅकल्टीचा, म्हणजे शिक्षकांचा. दोघांच्या युनियन वेगळ्या, पगाराचे तक्ते वेगळे, पेन्शनसुद्धा वेगळं: एकाचं कॅलपर्स, दुसऱ्याचं कॅलस्टर्स. लॅबमध्ये तू वीस वर्षं उत्तम शिकवलंस तरी त्याने फॅकल्टी होत नाहीस. एका जिन्यावरून दुसऱ्यावर उडी मारावी लागते. (मारलीस तर पेन्शनचं आधी विचार. जुन्याच फंडात राहायचं असेल तर तसं मुदतीत लेखी द्यावं लागतं. मुदत गेली की गेली.)

तू म्हणालीस, "माझी एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सची, मला गणित कोण शिकवू देणार?" तर ऐक. कोणत्या विषयाला कोणती पदवी लागते, याची राज्याची छापील यादी आहे. गणितासाठी मास्टर्स गणितातलं हवं, किंवा बॅचलर्स गणितातलं आणि मास्टर्स स्टॅटिस्टिक्स, फिजिक्स किंवा गणित-शिक्षणातलं. तुझी बी.एस्सी. गणितातली आहे ना? मग कागदावर तू बसतेस. शिवाय दिवस स्टॅटिस्टिक्सचे आहेत. 2017 मध्ये एबी 705 हा कायदा आला. त्याआधी मुलं खालच्या पातळीच्या गणितात सेमिस्टरमागून सेमिस्टर अडकून राहायची. आता बहुतेकांना थेट ट्रान्स्फर पातळीच्या, म्हणजे पुढे विद्यापीठात धरल्या जाणाऱ्या, वर्गात घेतात, आणि ज्यांना इंजिनियर व्हायचं नाही ती बरीचशी मुलं स्टॅटिस्टिक्सकडे वळतात. तुझी लॅब दुपारी दोन वाजता भरलेली असते, त्याचं एक कारण हेच.

पण "मग लगेच अ‍ॅडजंक्ट होते" म्हणू नकोस. अ‍ॅडजंक्टला (अर्धवेळ, वर्गागणिक घेतलेल्या शिक्षकाला) एका डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे कॉलेजं चालवणाऱ्या एका सरकारी संस्थेत) पूर्णवेळ कामाच्या 67 टक्क्यांवर काम देता येत नाही. राज्यात 116 कॉलेजं आणि 73 डिस्ट्रिक्ट आहेत, त्यामुळे लोक सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या, रात्री तिसऱ्या गावात शिकवतात. त्यांना 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात. मी चार वर्षं तेच केलं. पोळीची गुंडाळी 880 फ्रीवेवरच्या ट्रॅफिकमध्ये स्टिअरिंगवर खायची, आणि ऑफिस म्हणजे गाडीची डिकी. शिकवायला मजा यायची, खोटं कशाला बोलू; पण वर्गात मुलं कमी भरली की सेमिस्टर सुरू होण्याच्या आठवड्यातही वर्ग रद्द व्हायचा. माझं मत विचारशील तर आधी कायम क्लासिफाइड जागा मिळव आणि डीनची परवानगी घेऊन संध्याकाळचा एखादाच वर्ग शिकव. सगळ्या डिस्ट्रिक्टमध्ये असं चालत नाही, विचारून घे. आणि क्लासिफाइडचाच जिना तुला आवडला, लॅब को-ऑर्डिनेटर किंवा ट्रान्सक्रिप्ट तपासणाऱ्या इव्हॅल्युएटरची जागा भावली, तर त्यात कमीपणा काहीच नाही. माझ्या ओळखीतले सगळ्यात समाधानी लोक तिथेच आहेत. महाराष्ट्र मंडळात मात्र 'प्रोफेसर' म्हटलं की माना वळतात, हा मोह ओळखून ठेव.

कागदांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथेच मी ठेचकाळले. माझा पहिला पूर्णवेळचा अर्ज छाननीतच बाद झाला. आपली पदवी इथल्या कोणत्या पदवीच्या तोडीची, हे सांगणारं इव्हॅल्युएशन जोडावं लागतं. मी नुसत्या पदवीचं, 'डॉक्युमेंट बाय डॉक्युमेंट' जोडलं होतं, कारण ते स्वस्त होतं. त्यांना एकेका विषयाचं, 'कोर्स बाय कोर्स' हवं होतं. जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. तुझ्या बाबतीत आणखी दोन खाचखळगे दिसतात. मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग वडिलांचं, आणि तेही माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. एचआरमधल्या बाईला या दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात. लग्नाचा दाखला सोबत लाव. दुसरं, तुझी बी.एस्सी. 2014 च्या नामविस्ताराच्या आधीची, म्हणून तिच्यावर 'पुणे विद्यापीठ', एम.एस्सी.वर 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ'. विद्यापीठ एकच आहे, एवढी एक ओळ लिहून जोड. आणि तीन वर्षांच्या बी.एस्सी.कडे सगळ्या इव्हॅल्युएशन संस्था एकसारख्या नजरेने बघत नाहीत, तेव्हा पैसे भरण्याआधी डिस्ट्रिक्ट कोणाकोणाचा निकाल मानतं ते विचार.

एच-फोरचं (नवऱ्याच्या एच-वन बीवर मिळणाऱ्या व्हिसाचं) वर्क परमिट साधारण 180 दिवस आधीपासून नूतनीकरणाला टाकता येतं. तेवढं आधीच टाक. दोन परमिटांमध्ये खंड पडला की लॅबला दुसरं माणूस घ्यावंच लागतं. कम्युनिटी कॉलेजं एच-वन बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीतून वगळलेली आहेत, हे एचआरमधल्याही कित्येकांना ठाऊक नसतं. पार्ट-टाइमरसाठी असा व्हिसा सहसा कोणी काढत नाही, पण पूर्णवेळ जागेच्या वेळी ही गोष्ट लक्षात असू दे.

आता लॅब. एक साधी वही ठेव. रोज दोन ओळी: कोण कुठे अडलं, कशाने सुटलं. विद्यार्थ्याचं नाव लिहायचं नाही. माझ्या वहीतलं एक पान सांगते. रात्रपाळी करून आलेला पन्नाशीचा माणूस, हातात कॅल्क्युलेटर. त्याने उणे तीनाचा वर्ग करायला घेतला, कंसाशिवाय. यंत्र म्हणालं उणे नऊ, पुस्तकात होतं नऊ. "मशीन बिघडलंय," तो म्हणाला. मी नियम सांगितला, डोक्यात शिरला नाही. मग मी म्हटलं, "तीन डॉलरचं कर्ज आहे. आधी तीनाचा वर्ग करून मग कर्ज म्हणायचं, की कर्जासकट सगळ्याचा वर्ग?" त्याने पेन्सिल घेतली आणि पुस्तकात स्वतःच्या हाताने कंस गडद केला. तो कंस मला अजून दिसतो.

पुढे मुलाखतीत "अडलेल्या विद्यार्थ्याला तुम्ही कशी मदत केलीत?" असं विचारलं, तेव्हा बाकीचे 'मी प्रत्येकाकडे व्यक्तिशः लक्ष देते' छापाचं बोलले असतील. मी हा कंस सांगितला. त्याआधीच्या वर्षीची मुलाखत मी घालवली होती. पंधरा मिनिटांच्या नमुना-पाठात मी पाठ फिरवून फळा भरून टाकला, पुण्यात मला शिकवलं होतं तसाच. तुला विद्यार्थ्यांना बोलतं करायचंय, समोर बसलेले प्राध्यापक त्या वेळी विद्यार्थीच आहेत. आणि कमिटीचे चेहरे दगडासारखे असतात, कोणी मान डोलावत नाही, प्रश्न कागदावरून वाचतात. मला वाटलं, नाराज आहेत. तसं नसतं, प्रत्येक उमेदवाराला एकच वागणूक मिळावी म्हणून तो नियम पाळतात. हे मला कळलं ते क्लासिफाइड प्रतिनिधी म्हणून एका निवड समितीवर बसले तेव्हा. कायम झालीस की तीच संधी आधी माग. अर्जांना गुण कसे देतात, हे तिथे बसल्याशिवाय समजत नाही.

आणखी एक. कॉलेजात आहेस तर एखादा वर्ग स्वतःही शीक. फी युनिटला (श्रेयांकाला) 46 डॉलर, आणि काही डिस्ट्रिक्टमध्ये कर्मचाऱ्यांना तेही माफ असतात. ऑनलाइन शिकवायचं प्रशिक्षण 'अ‍ॅट वन'कडून घे, अर्जात ते उठून दिसतं.

पूर्णवेळच्या बऱ्याच जाहिराती थंडीत येतात, मुलाखती वसंतात होतात आणि नेमणूक ऑगस्टची. म्हणजे पुण्याहून ट्रान्सक्रिप्ट मागवायला हाच महिना. तिकडच्या खिडकीवर जायला तुझ्या भावाला पाठव, आणि त्याला बजाव: पाकिटावर विद्यापीठाचा शिक्का मारून घ्यायचा, ते फोडायचं नाही. माझ्या भावाने "बघतो बरोबर आहे का" म्हणून फोडलं होतं.

तुझी,
मावशी