पहिल्याच वाक्यात सांग

प्रिय बाळा,

दुपारी तुझ्या भावाचा फोन आला. लातूरला ॲडमिट करून घेतलं, बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं शिरेतून सुरू झाली, उभी राहतेस पण अजून झोक जातो, असं तो म्हणाला. डोळ्यांना एकाचे दोन दिसतात का, हे मी त्याला मुद्दाम विचारायला लावलं. नाही म्हणालीस, तेव्हा जीव भांड्यात पडला. काल रात्री फोनवर मी तुझ्याशी चढ्या आवाजात बोलले, कारण वेळ नव्हता. आज तू पलंगावर पडून आहेस, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. हे पत्र तुझ्या फाईलच्या पिशवीतच ठेव.

आधी बी-वनचं, कारण वॉर्ड बदलला, ड्यूटीवरचे डॉक्टर बदलले की तुलाच सांगावं लागेल. वजन कमी करायचं ऑपरेशन झालेलं, त्यात तीन आठवडे तुला उलट्या होत होत्या. बी-वन शरीरात फारसं साठत नाही. पोटात काही टिकेनासं झालं की दोन-तीन आठवड्यांत साठा संपतो, आणि मग मार बसतो तो नसांना आणि मेंदूला. तळपायांना मुंग्या, आग, चालताना तोल जाणं ही त्याचीच लक्षणं. पुढे नजर दुहेरी होते, बुबुळं स्थिर राहत नाहीत, माणूस भलतंच बोलायला लागतो. सगळी लक्षणं एकदम दिसतील म्हणून थांबायचं नसतं. पुष्कळांत ती एकत्र दिसतच नाहीत. रक्ताच्या रिपोर्टसाठीही थांबायचं नसतं. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची अधू होऊ शकते.

आणि हे नीट लक्षात ठेव. ग्लुकोजची सलाईन लावायची असेल तर बी-वन आधी गेलं पाहिजे. ग्लुकोज वापरायला शरीराला बी-वन लागतं. ते आधीच संपत आलेलं असताना नुसतं ग्लुकोज दिलं तर उरलंसुरलंही जातं. उदगीरच्या दवाखान्यात तुला अशक्तपणा म्हणून दोनदा ग्लुकोज लावलं, दुसऱ्या वेळी पिवळी बाटली होती असं तू म्हणालीस. पिवळी सलाईन म्हणजे ताकदीची, असं आपल्याकडे सगळ्यांना वाटतं. तो रंग व्हिटॅमिनचा, त्यात बी-वन असतंही, पण तुझ्या अवस्थेत तेवढ्यावर भागत नाही. इंजेक्शनं थांबवून गोळ्या कधी सुरू करायच्या हे डॉक्टर ठरवतील. उलट्या थांबल्याशिवाय नुसत्या गोळ्यांवर घरी पाठवत असतील तर विचार, की गोळी पोटात टिकणार कशी?

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. उदगीरच्या डॉक्टरांना तुझं ऑपरेशन झालंय हे ठाऊकच नव्हतं. तुझी आई म्हणाली, "गॅसेसचा त्रास आहे, जेवण जात नाही." त्यांनी ॲसिडिटीचं औषध दिलं. तुझ्या पोटावरचे चार-पाच बारीक व्रण आता फिकट झालेत, मुद्दाम शोधल्याशिवाय दिसत नाहीत. समोर बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, पित्ताची तक्रार. दुसरं काय सुचणार त्यांना?

आईवर रागावू नकोस. तुझ्यासाठी स्थळं पाहायला सुरुवात करायची होती, गावात बोभाटा नको, म्हणून घरात ठरलं की पुण्याला जाऊन यायचं आणि कोणाला सांगायचं नाही. असं ठरवणारी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. मुलगी परत येते, बारीक होत जाते, लोक डाएटचं गुपित विचारतात, आणि सगळे हसून वेळ मारून नेतात. पाहुण्यांना काय सांगायचं हा तुमच्या घरचा प्रश्न आहे. पण डॉक्टर, नर्स, सोनोग्राफीवाले, दाताचे डॉक्टर, उद्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई, यांच्यापासून हे लपवायचं नाही. केसपेपर लिहिणारा "काय होतंय" म्हणाला की पोटदुखी नंतर, उलट्या नंतर. पहिलं वाक्य हे:

"माझं जूनमध्ये वजन कमी करायचं स्लीव्हचं ऑपरेशन झालंय, जठराचा मोठा भाग काढलाय."

मग किती दिवस उलट्या, घोटभर पाणी टिकतं की नाही, चोवीस तासांत लघवी किती वेळा झाली, पायांचं काय. एवढंच. वजन किती होतं आणि किती उतरलं यापासून सुरुवात करू नकोस. त्या वाटेने बोलणं गेलं की समोरचा कौतुक तरी करतो नाहीतर उपदेश, आणि तपासणी मागे पडते.

त्या एका वाक्याने पुढचं किती बदलतं बघ. तुला नाकातून नळी घालायची वेळ आली तर ती आंधळेपणाने ढकलायची नाही, कारण वाट आता अरुंद आणि शिवलेली आहे. हे सांगितलं तरच कळतं. दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन टोचायला निघालेली सिस्टर थांबून डॉक्टरांना विचारते. त्या जातीच्या वेदनाशामकांनी जठरात जखमा होतात. जठराचं बायपास, म्हणजे वजनाचंच दुसरं ऑपरेशन, झालेल्यांनी ती घ्यायचीच नसतात आणि तूही विचारल्याशिवाय घ्यायची नाहीत. साधी पॅरासिटामॉल चालते. मेडिकलवाल्याकडून अंगदुखीची गोळी मागून आणायची तुमच्या घरची सवय मात्र बंद.

आता दुसरी अडचण. लातूरला तू दुसऱ्या एका हॉस्पिटलमध्ये खरं सांगितलंस, तर त्यांनी हात लावला नाही. "जिथे केलं तिथे जा." पुण्याच्या हॉस्पिटलला फोन केला तर कोऑर्डिनेटर मुलगी व्हॉट्सॲपवर लिहिते, "थोडं थोडं प्या, दोन दिवस बघा." या दोघांच्या मध्ये तुझे तीन आठवडे गेले. मला याचा मनापासून संताप येतो. तरीही त्या लातूरच्या डॉक्टरांच्या मनात काय असतं ते तुला सांगते, म्हणजे पुढच्या वेळी बोलणं सोपं जाईल. दुसऱ्याने शिवलेल्या पोटात आपण हात घातला आणि काही बिनसलं तर ते आपल्या गळ्यात, ही भीती असते. आत नक्की काय जोडलंय, काय कापलंय, हेही माहीत नसतं. ही भीती कागदाने कमी होते आणि डॉक्टरच्या फोनने कमी होते.

तू पुण्याला शंभर मेसेज केलेस तरी ते कोऑर्डिनेटरपाशी अडकतात. म्हणून समोरच्या डॉक्टरांना विनंती करायची: "माझ्या सर्जनचा नंबर हा आहे, तुम्ही एकदा बोलता का?" डॉक्टरने डॉक्टरला फोन लावला की सर्जन बहुतेक वेळा उचलतो, आणि मग काय करायचं ते पाच मिनिटांत ठरतं. सर्जनचा थेट नंबर नसेल तर ओटीचा, म्हणजे ऑपरेशन थिएटरचा, किंवा वॉर्डचा लँडलाईन, रात्रीचा निवासी डॉक्टर. भावाला हे काम दे. नुसत्या व्हरांड्यात येरझारा घालण्यापेक्षा त्याला बरं वाटेल.

आणि तरीही कोणी नाहीच म्हणालं तर आवाज न चढवता एकच सांगायचं: "तपासून जे आढळलं ते आणि पाठवायचं कारण लिहून द्या." लिहायची वेळ आली की निम्मे लोक आधी नाडी तरी बघतात. इमर्जन्सीत डॉक्टरने, सरकारी असो की खाजगी, जीव वाचवण्यापुरते उपचार द्यायलाच हवेत, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय. आपल्या राज्यात २०२१ साली शुश्रूषागृहांच्या नियमांत बदल झाला, त्यात रुग्ण हक्कांची सनद आली. ती हॉस्पिटलात दर्शनी भागी लावायची असते. भांडायला म्हणून हे सांगत नाहीये. भांडणात तुझा वेळ जाईल. पण आपण कोणाच्या मेहेरबानीवर उभे नाही, हे ठाऊक असलं की माणूस काउंटरवर वेगळं बोलतो.

कागदांचं बघ. तुझ्याकडे फक्त डिस्चार्ज कार्ड आहे आणि त्यावर ऑपरेशनचं नाव एका ओळीत. पुण्याला लेखी अर्ज करून पूर्ण केसपेपरची प्रत माग, त्यात ओटी नोट, म्हणजे ऑपरेशनमध्ये काय काय केलं त्याची नोंद, हवीच. मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असतं, हा मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घे. ओटी नोटचा मोबाईलवर फोटो काढ आणि भावाला, आईला पाठवून ठेव. तू शुद्धीवर नसशील तेव्हा तुझ्या वतीने तोच कागद बोलणार.

इंजेक्शनांनी पाय सुधारतील, बरं वाटायला लागेल, आणि कदाचित चार दिवसांत डिस्चार्जचं बोलणं निघेल. त्याआधी विचार: उलट्या कशामुळे? ते अजून कोणी पाहिलेलं नाही. स्लीव्हमध्ये जठराची अरुंद नळी होते. ती मध्येच, वळणापाशी, आवळली किंवा पिळली गेली तर पातळही पुढे सरकत नाही. तुझं सगळं वर्णन, आधी घट्ट पदार्थ अडले, मग भात, मग पाणी, तिकडेच बोट दाखवतं. ते एंडोस्कोपीत आणि औषध पिऊन काढायच्या एक्स-रेत कळतं. तसं निघालं तर बरेचदा फुग्याने ती जागा रुंद करता येते, कधी एकापेक्षा जास्त वेळा. ते लातूरला होईलच असं नाही, पुण्याला किंवा मुंबईला जावं लागेल. रेफर करतील तेव्हा रेफर लेटरवर बी-वन किती दिलं, शेवटचं कधी दिलं, पोटॅशियम किती होतं हे लिहून घे. आणि तिकडचे डॉक्टर घ्यायला तयार आहेत, हे फोनवर पक्कं केल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

पुण्याला तुझ्या शेजारच्या कॉटवरच्या काकूंचं बायपास झालं होतं ना? त्यांचा नंबर असेल तर त्यांनाही कळव. बायपासवाल्यांना पुढे, अगदी दोन-तीन वर्षांनीसुद्धा, जेवल्यावर पोटात मुरडा येऊन जातो, पुन्हा येतो. सोनोग्राफी नॉर्मल येते आणि गॅस म्हणून घरी पाठवतात. वजन उतरलं की आतल्या फटी मोठ्या होतात, त्यात आतडं जाऊन अडकतं. अशीच एक शिक्षिका आमच्या वॉर्डात आली होती. सोनोग्राफीचे नॉर्मल रिपोर्ट तिने रबरबँड लावून जपून ठेवलेले. सर्जनने रिपोर्ट बाजूला ठेवले, तिची हकीकत ऐकली आणि दुर्बीण घातली, तर आतडं पिळलेलं. वेळेत सुटलं. सोनोग्राफीत हे सहसा दिसत नाही, सीटी लागतो, आणि दुखणं राहिलं तर सीटी नॉर्मल असूनही सर्जनला पाहावं लागतं.

इन्शुरन्सचं थोडक्यात. हे ऑपरेशन स्वीकारायला कंपन्यांच्या पॉलिसीत अट असते, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर ३५ किंवा त्याहून जास्त आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार यांपैकी काही. आपल्याकडच्या लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून सोबत असा आजार असेल तर सर्जन ३५ च्या खालीही ऑपरेशन सुचवतात. तुझा होता ३४. डॉक्टरांच्या हिशेबात तू बसतेस, कंपनीच्या नाही, आणि म्हणून ते याही ॲडमिशनचा क्लेम नाकारायला बघतील. आताचे उपचार उलट्या, पाण्याची कमतरता आणि बी-वनच्या कमतरतेसाठी आहेत, ते डिस्चार्ज कार्डावर तसंच, खरं खरं, लिहिलेलं असू दे. ऑपरेशनचा उल्लेख मात्र वगळायला सांगू नकोस. नकार आला तर लेखी घे, आधी कंपनीकडे तक्रार कर, महिन्यात समाधान नाही झालं तर वर्षाच्या आत पुण्याला विमा लोकपालाकडे. फी नाही, वकील लागत नाही. पैसे मिळतीलच असं मी म्हणणार नाही, पण अर्ज जरूर कर.

काल तू शेवटी रडत म्हणालीस, "मावशी, मीच हौसेने करून घेतलं, आता कोणत्या तोंडाने तक्रार करू?" बाळा, विशीत शुगर सुरू झालेली, गुडघे दुखणारी, जिना चढताना धापा टाकणारी तू. तुझ्या आजोबांचा पाय शुगरने गेला, ते तू लहानपणी पाहिलंयस. डॉक्टरांनी सुचवलेला उपचार तू घेतलास. सिगारेट ओढणाऱ्याच्या हार्ट अटॅकला आम्ही कधी "तूच केलंस" म्हणून कॅज्युअल्टीतून परत पाठवलं नाही. तुझ्याच बाबतीत वेगळा न्याय का? आणि शेजारपाजारी "किती छान बारीक झालीस" म्हणत होते तेव्हा तू उपाशी होतीस, केस मूठभर गळत होते. त्या कौतुकाला उत्तर देत बसू नकोस आणि त्यामुळे गप्पही बसू नकोस.

लग्नाची घाई घरच्यांनी करू नये. केलीच तर मूल मात्र ऑपरेशननंतर किमान वर्ष-दीड वर्ष नाही. तोवर वजन उतरत असतं आणि तुझ्याच अंगात काही उरलेलं नसतं. होणाऱ्या नवऱ्याला ऑपरेशनचं लग्नाआधी सांगावं असं माझं स्पष्ट मत आहे. आयुष्यभर व्हिटॅमिनच्या गोळ्या घ्यायच्या आहेत, बी-ट्वेल्व्ह आणि लोह तपासत राहायचंय, ते कपाटात लपवून कसं जमेल?

उद्या सकाळी राऊंडला विचारायचं ते भावाला लिहून दे: बी-वन किती दिवस, पोटॅशियमचा आजचा रिपोर्ट, एंडोस्कोपी कधी आणि कुठे. राऊंड झाला की मला फोन करायला सांग. एंडोस्कोपी पुण्याला ठरली तर मी तिथे येऊन थांबते, आईला एकटीला धावपळ नको.

तुझी,
मावशी