“लस घेतली आणि दम वाढला”

“मागच्या वर्षी फ्लूची लस घेतली आणि त्याच आठवड्यात दम लागून भरती व्हावे लागले. आता पुन्हा नाही.” सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा जुना आजार, असलेल्या एका काकांनी खुर्चीत बसता बसताच हे सांगून टाकले. फुप्फुसांच्या जुन्या विकाराच्या अनेक रुग्णांच्या मनात हीच शंका असते.

अशा वेळी लगेच लसीची बाजू मांडण्यात अर्थ नसतो, कारण ज्याचा श्वास एकदा कोंडला आहे त्याला सुईचे नव्हे, तर तो त्रास पुन्हा होण्याचे भय असते. म्हणून मी त्यांना त्या आठवड्याचा क्रम विचारला. पहिल्या संध्याकाळी दंड दुखला, थोडी कणकण आली आणि दुसऱ्या दिवशी उतरली. चौथ्या दिवशी शिंका सुरू झाल्या, घसा धरला, कफ पिवळा झाला आणि मग दम लागला. घरात आणखी कोणी आजारी होते का, असे विचारताच काकू म्हणाल्या, “नातवाला आधीपासूनच सर्दी होती की!”

टोचून दिल्या जाणाऱ्या फ्लूच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यापासून फ्लू होऊ शकत नाही. दंडदुखी आणि कणकण ही शरीराची प्रतिक्रिया असते. संरक्षण तयार व्हायला मात्र सुमारे 2 आठवडे लागतात, आणि सर्दीच्या इतर विषाणूंवर ही लस चालत नाही. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, हेही मी त्यांना सांगितले. पण आधीच अरुंद झालेल्या श्वासनलिकांना फ्लू फार महागात पडतो आणि तो गंभीर होण्याचा धोका लसीमुळे कमी होतो.

स्टेरॉइडचा इन्हेलर चालू असताना लस चालते का, ही त्यांची पुढची शंका होती. चालते, आणि त्यासाठी इन्हेलर बंद करायचा नसतो. साध्या सर्दीतही लस घेता येते. ताप असेल किंवा दम उसळलेला असेल, तर तो ओसरेपर्यंत थांबावे. पूर्वी एखाद्या लसीची तीव्र ॲलर्जी आली असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगायला हवे.

फ्लूचा विषाणू रूप बदलत असल्याने ती लस दरवर्षी घ्यावी लागते. न्यूमोनिया घडवणाऱ्या न्यूमोकॉकस जिवाणूवरची लस वेगळी असते, ती दरवर्षी लागत नाही, आणि पुढचा डोस हवा की नको हे आधी कोणती लस घेतली यावर ठरते. काकांना आधी घेतलेल्या त्या लसीचे नाव आठवेना. फ्लूची लस घ्यायला ते तयार झाले. दुसरीचा निर्णय जुना कागद डॉक्टरांना दाखवून घ्यायचा, असे ठरले.