क्लाउडवर नवीन आहात? आधी एवढं करा

घाबरू नका, सुरुवातीची थोडीच कामं नीट केलीत तरी बराच धोका टळतो. इमारत, वीज, हार्डवेअर क्लाउड कंपनी सांभाळते. खाती, परवानग्या आणि डेटा मात्र तुम्हीच सांभाळायचा.

१. रूट खातं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं मूळ खातं, रोजच्या कामाला वापरू नका. त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, त्याच्या अ‍ॅक्सेस की (प्रोग्रॅमला खात्यात शिरायला लागणारे गुप्त कोड) असतील तर काढून टाका. प्रत्येकाला वेगळं खातं आणि कामापुरतीच परवानगी द्या. 'सध्या अ‍ॅडमिन देऊ, नंतर काढू' म्हणतात आणि ते काढायचं राहूनच जातं. नोकरी सोडलेल्याचं खातं त्याच दिवशी बंद करा.

२. स्टोरेज बकेट (क्लाउडवर फाइल ठेवायची जागा) सार्वजनिक नाही ना, तपासा. पोर्ट २२ आणि ३३८९ (सर्व्हरमध्ये दुरून लॉगिन करायचे मार्ग) सगळ्या इंटरनेटला उघडे नकोत. बॉट ते सतत शोधत असतात.

३. बॅकअप वेगळ्या क्लाउड खात्यात ठेवा, नाहीतर घुसखोर मूळ डेटासोबत तोही पुसतो. अधूनमधून रिस्टोअर करून बघा.

अ‍ॅक्सेस की चुकून गिटवर (कोडमधले सगळे बदल जपून ठेवणारी प्रणाली) गेली तर फाइल डिलीट करून भागत नाही, ती इतिहासात राहते. लगेच रद्द करून नवी घ्या. खर्चाचा अलर्टही आजच लावा. चोरलेल्या खात्यावर क्रिप्टो मायनिंग (संगणक राबवून आभासी चलन कमावणं) सुरू झालं तर ते अनेकदा आधी बिलातच दिसतं. एन्क्रिप्शन की कुणी सांभाळायच्या, नेटवर्क कसं विभागायचं, हे पुढच्या टप्प्यात बघू.